औषध गाभ्यापर्यंत पोचते का?

आपल्यापैकी बहुतेकांनी पेशी पहिल्यांदा पाहिली ती कांद्याच्या पापुद्र्यात. पापुद्रा काचपट्टीवर पसरायचा, आयोडिनचा थेंब टाकायचा, वर आच्छादनकाच ठेवायची, की विटांच्या भिंतीसारखी मांडणी दिसू लागते. कांदाच का? कारण त्याचा पापुद्रा एका थराचा असतो. प्रकाश आरपार जातो आणि एका पेशीवर दुसरी चढलेली नसते. म्हणजे आपण पाहण्याच्या सोयीने पेशी निवडतो. त्यात गैर काही नाही, फक्त सबंध कांदा एका थराचा नसतो हे मुलांना वेगळे सांगावे लागते.

पेशींवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही शंभरएक वर्षे हीच सोय पाहिली. शरीरातून काढलेल्या पेशी सपाट तळाच्या भांड्यात, साखर, क्षार, अमिनो आम्ले आणि सीरम असलेल्या पोषकद्रवात ठेवल्या, की त्या तळाला चिकटतात आणि तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या पसरतात. मग त्या विभाजन पावतात आणि सगळा तळ एका थराने भरून टाकतात. याला एकथरी संवर्धन म्हणू. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी काचेला चिकटून वाढल्या. त्यांचे वंशज ‘हेला’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत कितीतरी कामे अशा थरांवर झाली. एकथरी संवर्धनाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

अडचण वेगळी आहे. ‘नव्या नॅनोकणांनी कर्करोगाच्या ९० टक्के पेशी नष्ट केल्या’ अशा छापाच्या बातम्या आपण वाचतो. वर्गात एखादी चौकस मुलगी विचारते, “सर, मग हे औषध दवाखान्यात का मिळत नाही?” या प्रश्नाला अनेक उत्तरे आहेत, पण त्यांतले एक उत्तर भूमितीचे आहे. त्या पेशी पसरलेल्या होत्या की गोळा होऊन बसलेल्या, हे आधी विचारायला हवे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात, तरी औषधांच्या बाबतीत त्याहून थोड्या मोठ्या कणांनाही लोक याच नावाने ओळखतात. औषध अशा कणात भरून देण्याचे कारण सरळ आहे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे जुने औषध गाठीतल्या पेशींना मारते, पण हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. ते मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरले, तर निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून सहजी बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईने बांधलेल्या, फटी राहिलेल्या असतात. तिथून मोठे रेणू झिरपतात आणि साचून राहतात, असे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरच्या पिशव्यांत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्यानंतर सोने, लोहाचे ऑक्साइड, सिलिका, निरनिराळे बहुवारिक, जे हाती लागेल त्याचे नॅनोकण बनू लागले. त्यांची पहिली परीक्षा अर्थातच एकथरी संवर्धनात होई. आता या परीक्षेत काय घडते ते पाहा. प्रत्येक पेशीची एक बाजू द्रवाला उघडी आहे. कणाला कोणताही अडथळा ओलांडायचा नाही, कुणाच्या मागे लपलेल्या पेशीला शोधायचे नाही. शिवाय जड कण आपोआप खाली बसतात आणि थेट पेशींच्या अंगावर पडतात. अमेरिकेतील सेंट लुईसच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. त्यांनी एका भांड्यात पेशींचा थर नेहमीसारखा तळाशी ठेवला आणि दुसऱ्यात तोच थर उलटा, वरून खाली तोंड करून ठेवला. मग दोन्हींना सोन्याचे नॅनोकण दिले. लवकर खाली बसणारे कण तळाच्या पेशींनी उलट्या टांगलेल्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त घेतले. पेशी त्याच, कण तेच, द्रवही तोच. फरक पडला तो गुरुत्वाकर्षणामुळे. शरीरातल्या गाठीवर औषध असे वरून पावसासारखे पडत नाही.

गाठीतली परिस्थिती काय असते हे १९५५ मध्येच दिसले होते. ब्रिटनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. किरणांच्या मात्रेचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे ग्रे. कापांत कर्कपेशींचे दाट खांब दिसत होते. रक्तवाहिन्या खांबाच्या बाहेर होत्या, आत एकही नव्हती. ज्या खांबांची त्रिज्या १६० मायक्रोमीटरपेक्षा कमी, त्यांच्या मध्यभागी मेलेल्या पेशी नव्हत्या. २०० मायक्रोमीटरच्या पुढे गेलेल्या प्रत्येक खांबाचा गाभा मेलेला होता. खांब कितीही जाड असला तरी बाहेरच्या जिवंत सालीची जाडी १८० मायक्रोमीटरच्या वर जात नव्हती. कारण प्राणवायू बाहेरून आत जाताना वाटेतल्या पेशी तो वापरत जातात आणि तेवढ्या अंतरावर तो संपतो. मेलेला गाभा आणि जिवंत साल यांच्या सीमेवर अर्धपोटी पेशी असतात. त्या मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. विभाजन पावणाऱ्या पेशींवर नेम धरणारी औषधे त्यांना चुकतात. किरणांनाही त्या दाद देत नाहीत, कारण प्राणवायू नसलेली पेशी मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते.

मग प्रयोगशाळेतच असा गोळा का वाढवू नये? पेशींना एकत्र यायला शिकवावे लागत नाही. १९०७ मध्ये विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या सरपटत एकमेकींजवळ आल्या आणि पुन्हा स्पंज झाला. त्याच वर्षी हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतूंचा तुकडा काचेखाली लोंबत्या थेंबात ठेवला आणि तंतू वाढताना पाहिला. या दोन्ही गोष्टी पुढे एकमेकींना येऊन मिळाल्या. १९७० च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी हॅमस्टरच्या फुप्फुसाच्या पेशी सावकाश ढवळत्या द्रवात वाढवल्या. तळाला टेकायची सोय नसल्याने पेशी एकमेकींना बिलगल्या आणि गोळे झाले. गोळा मोठा झाला तसे त्याचे थर पडले. बाहेर वाढणाऱ्या पेशी, त्यांच्या आत थबकलेल्या आणि मध्यभागी मेलेल्या. टॉमलिन्सन आणि ग्रे यांच्या खांबासारखी रचना भांड्यात तयार झाली. या गोळ्याला स्फेरॉइड असे नाव पडले. आपण त्याला पेशीगोलक म्हणू.

पेशीगोलक वाढवण्याच्या सगळ्या रीतींमागे एकच युक्ती आहे. पेशीला चिकटण्यासाठी शेजारणीखेरीज दुसरे काही ठेवायचे नाही. लोंबत्या थेंबाची रीत सगळ्यांत स्वस्त. पेट्रीबशीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला २० मायक्रोलिटरचे थेंब ओळीने ठेवायचे आणि प्रत्येकात पाचशेएक पेशी असू द्यायच्या. मग झाकण अलगद उलटे करून बशीवर ठेवायचे. पृष्ठताणामुळे थेंब पडत नाहीत. पेशी गुरुत्वाकर्षणाने थेंबाच्या टोकाशी गोळा होतात आणि तिथे हवेखेरीज काही नसल्याने एकमेकींना धरतात. थेंब सुकू नये म्हणून खालच्या बशीत थोडे द्रव ठेवतात. दुसऱ्या रीतीत ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची तबकडी घेतात. प्रत्येक खळग्यात दीड टक्का ॲगॅरोजचे गरम द्रावण थोडेसे ओतले, की ते कडेने किंचित वर चढते आणि गोठल्यावर तळ वाटीसारखा होतो. ॲगॅरोजला पेशी चिकटत नाहीत. त्या वाटीच्या तळाशी घरंगळतात आणि एका खळग्यात एकच गोलक तयार होतो.

हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात आधी चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवाव्या लागतात. ते जास्त वेळ राहिले तर पेशींचे चिकटण्याचे हात, म्हणजे पृष्ठभागावरची प्रथिने, कापून टाकते. यांतले मुख्य प्रथिन कॅडहेरिन. त्याला कॅल्शियम लागते, म्हणून पोषकद्रवात कॅल्शियम नसेल तर पेशी कितीही जवळ आल्या तरी परक्याच राहतात. पेशी चौकटीच्या काचपट्टीवर मोजाव्या लागतात, नाहीतर एका खळग्यात लिंबू आणि दुसऱ्यात बोर तयार होते आणि तुलनाच करता येत नाही. ॲगॅरोजमध्ये बुडबुडा राहिला तर गोलक कडेला सरकतो. तबकडी उबवणपेटीत ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांत ठेवली, की पहिले दोन दिवस तिला धक्का लागू न देणे हेच मोठे काम असते. कडेच्या खळग्यांतले पाणी लवकर उडते, म्हणून अनुभवी लोक त्यांत नुसते पाणी भरतात आणि प्रयोग आतल्या खळग्यांत करतात. सगळ्या जातींच्या पेशी आज्ञाधारक नसतात, हेही आहेच. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी घट्ट गोलक करतात, तर एमडीए-एमबी-२३१ या पेशी बहुधा द्राक्षांच्या घोसासारख्या सैल राहतात. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात.

चार दिवसांत सुमारे ४०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.४ मिलिमीटर व्यासाचा गोलक तयार होतो. नुसत्या डोळ्यांना तो राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान, पांढुरका ठिपका दिसतो. पाचशे मायक्रोमीटरच्या पुढे गेला की सहसा त्याच्या गाभ्यातल्या पेशी मरू लागतात. म्हणून प्रयोग सुरू करताना सगळे गोलक एका मापाचे निवडून घेतात.

आता यात नॅनोकण सोडू. कण आत जातो तो विसरणाने. कणाचा व्यास दहापट झाला तर त्याच्या विसरणाचा वेग दहापट कमी होतो. पाण्यात ०.१ मिलिमीटर अंतर जायला १ नॅनोमीटर व्यासाच्या रेणूला सात-आठ सेकंद लागतील आणि १०० नॅनोमीटरच्या कणाला बारा-तेरा मिनिटे. बारा मिनिटे काही फार नव्हेत, असे कुणी म्हणेल. पण गोलकात मोकळे पाणी नाही. पेशींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत कोलॅजनसारख्या तंतूंचे जाळे भरलेले आहे. अमेरिकेत २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात २० ते २०० नॅनोमीटरचे प्लॅस्टिकचे मणी पेशीगोलकांना दिले. मोठे मणी आत जाईनात. मग १०० नॅनोमीटरच्या मण्यांवर कोलॅजन पचवणारे विकर चढवले, तेव्हा गाभ्यात पोचणाऱ्या मण्यांची संख्या सुमारे चौपट झाली. म्हणजे वाट अडवणारे जाळे खरेच होते.

लहान कण म्हणजे सगळे प्रश्न सुटले असेही नाही. डॉक्सोरुबिसिनचा रेणू चिमुकला आहे, पण तो भेटेल त्या पेशीच्या डीएनएला चिकटतो आणि पुढे सरकतच नाही. कर्कपेशीला नेमके ओळखून घट्ट धरणारे कण बनवले तर तीच गत होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी पहिल्याच पानांवर सगळी जिलबी रिकामी करून परततो आणि शेवटच्या ओळीला नुसता मठ्ठा मिळतो, तसे! एकथरी संवर्धनात सगळी पाने पहिल्याच ओळीत असतात, त्यामुळे हा दोष तिथे गुण म्हणून दिसतो.

इथे थोडे गणित करू. ४०० मायक्रोमीटर व्यासाच्या गोलकात, पेशी १५ मायक्रोमीटरची धरली आणि फटींना जागा सोडली, तर चौदाएक हजार पेशी मावतात. त्रिज्या २०० मायक्रोमीटर. औषध बाहेरून फक्त ५० मायक्रोमीटर, म्हणजे पाव त्रिज्येइतके आत शिरले, तर उरलेल्या गाभ्याची त्रिज्या तीनचतुर्थांश राहिली. तीनचतुर्थांशाचा घन सुमारे ०.४२. म्हणजे एवढ्याशा प्रवेशानेही ५८ टक्के पेशी तडाख्यात आल्या. औषध अर्ध्या त्रिज्येपर्यंत गेले तर उरला एक अष्टमांश, म्हणजे ८७.५ टक्के पेशी मेल्या. बातमीतले ते ‘९० टक्के’ जवळजवळ गाठले, आणि तरीही औषध गाभ्यापर्यंत पोचलेलेच नाही! उरलेला अष्टमांश म्हणजे साडेसतराशे पेशी. गोलक सुरू करताना आपण थेंबात टाकल्या होत्या पाचशे. शिवाय बाहेरची खाणारी तोंडे कमी झाल्याने या उरलेल्यांना आता प्राणवायू आणि साखर मिळू लागते. म्हणूनच चांगले संशोधक औषध दिल्यावर दोन दिवसांनी पेशी मोजून थांबत नाहीत. औषध काढून घेऊन पुढे कित्येक दिवस ते गोलकाचा व्यास मोजत राहतात आणि तो पुन्हा फुगू लागतो का ते पाहतात.

मोजमापातही फसगत आहे. चकाकणारे कण देऊन गोलकाचे चित्र घेतले आणि मध्यभाग काळा दिसला, तर कण तिथे पोचले नाहीत असे वाटते. पण कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा प्रकाशही दाट पेशींत शंभरएक मायक्रोमीटरच्या पुढे नीट जात नाही. काळोख कणांच्या अभावामुळे आहे की प्रकाशाच्या, हे कळायला गोलक गोठवून त्याचे पातळ काप करावे लागतात. पेशी जिवंत की मृत हे ठरवणाऱ्या रंगालाही तोच प्रवास करावा लागतो. इथे पुन्हा कांद्याचा पापुद्रा आठवतो. जे सोयीने दिसत नाही ते पाहायला कष्ट पडतात.

गोलकांत दिसलेले शरीरातही खरे ठरते का? काही प्रमाणात ठरते. जपानच्या एका गटाने २०११ मध्ये उंदरांतल्या गाठींवर ३०, ५०, ७० आणि १०० नॅनोमीटरचे औषधी कण वापरले. ज्या गाठींच्या वाहिन्या चांगल्याच गळक्या होत्या त्यांत सगळे आकार शिरले. स्वादुपिंडाच्या दाट, तंतुमय गाठीत मात्र ३० नॅनोमीटरचेच खोल गेले. मग सगळे कण लहानच का करू नयेत? कारण १०० नॅनोमीटरच्या एका कणात जेवढा ऐवज मावतो, तेवढा न्यायला ३० नॅनोमीटरचे ३७ कण लागतात. पुन्हा घनाचाच हिशेब!

पण गोलकात रक्तवाहिनी नाही, वाहते रक्त नाही, यकृत नाही, परका कण दिसताच गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मागच्या दहा वर्षांतले शोधनिबंध तपासले. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण मध्यकाने ०.७ टक्के निघाले. हजारांतले सात! पेशीगोलक सांगतो ती त्या सातांच्या गाठीत शिरल्यानंतरची गोष्ट. बाकीच्या ९९३ कणांचे काय झाले ते त्याला विचारून उपयोग नाही. तरी चाळणी म्हणून तो मोलाचा आहे. गोलकातच नापास होणारे औषध प्राण्यांपर्यंत नेण्याची गरज राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायद्यातली सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही आपल्या नियमांत दुरुस्ती करून त्रिमितीय पेशीसंवर्धनासारख्या पद्धतींना जागा दिली.

शाळेत पेशीगोलक वाढवता येणार नाही, पण त्याचे गणित डोळ्यांनी पाहता येते. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम चायना ग्रास आणि चिमूटभर हळद घालून चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. थोडे निवल्यावर लाल रंग येईपर्यंत चमच्याचमच्याने चुन्याची निवळी घालावी (ती डोळ्यांत जाऊ देऊ नये). मिश्रण खोलगट भांड्यात गोठू द्यावे आणि त्याचे १, २ आणि ३ सेंटिमीटर बाजूचे घन कापावेत. लहान घन चार-पाच जास्तीचे असू द्यावेत. सगळे एकाच वेळी व्हिनेगरमध्ये बुडवावेत. आम्ल आत शिरेल तसतसा लाल रंग पिवळा होत जाईल. मधूनमधून एकेक लहान घन कापून पाहावा. तो मध्यापर्यंत पिवळा झाला, की आम्ल ५ मिलिमीटर आत गेले असे समजून बाकीचे घन लगेच बाहेर काढावेत आणि मधोमध कापावेत. दोन सेंटिमीटरच्या घनात एक अष्टमांश आणि तीनच्या घनात २७ पैकी ८ भाग लाल उरायला हवेत. उरलेल्या लाल गाभ्याचे कोपरे गोलसर झालेले दिसतील. ते का, हे मुलांनाच विचारावे.

हळद-चुना न घातलेले दोन साधे घन बाजूला ठेवले असतील, तर त्यांतला एक खाण्याच्या रंगाच्या पाण्यात आणि दुसरा चित्रकलेच्या काळ्या पक्क्या शाईत रात्रभर ठेवावा. या शाईत काजळीचे कण असतात, विरघळलेला रंग नसतो. सकाळी दोन्ही घन धुऊन कापावेत. रंगाच्या पाण्यातला आत खोलवर रंगलेला असेल, शाईतला फक्त बाहेरून.